तुलनातक्ता

भोसरीत, टी ब्लॉकमधल्या पत्र्याखाली,
एकेचाळीस हजार सुट्या भागांची यादी.
तिच्यात हवं ते हुडकून देणारं इंजिन निवडायचं,
फुकटातलं, उघड्या सोर्सचं,
शुक्रवारपर्यंत.

पहिलं जुनंजाणतं, जावातलं.
नुसतं उठून बसायलाच दोन जीबी मेमरी मागतं,
लग्नातल्या थोरल्या काकांसारखं:
आधी खुर्ची, मग चहा, मग बोलणं.
पण बोललं की नेमकं बोलतं.

दुसरं वेगळं इंजिन नाहीच,
डेटाबेसच्याच पोटातलं.
ऋजुता म्हणाली, घरात आहे तर बाहेरून कशाला?
खरंय. पण त्याला मराठी कुणी शिकवलेलं नाही.
'पट्टा' विचारला तर 'पट्ट्याचा' ओळखत नाही,
'पट्ट्याला' तर नाहीच नाही.
प्रत्यय लागला की माणूस परका.

तिसरं लहान, चपळ,
शब्द पुरा व्हायच्या आत उत्तर हजर.
आणि चुका पोटात घालतं.
रकाना आखून मी लिहिलं: चूक चालते, होय.

मग शकूरभाई आतारांना खुर्चीत बसवलं.
एकोणतीस वर्षं स्टोअर सांभाळलेलं बोट,
ग्रीस नखात मुरलेलं,
त्यांनी एकेक कळ शोधत टाइप केलं:
पानी पंप वायसर.

तिन्ही इंजिनं गप्प.
तिसरंसुद्धा. नियम वाचला:
पाच अक्षरांच्या आतल्या शब्दाला माफी नाही.
काना-वेलांटी धरून 'पानी' चारच भरतो.

मी भूमची.
पहिल्या वर्षी, कर्वे रोडच्या मेसमध्ये,
जरा पानी द्या म्हणाले
आणि अख्खं टेबल जेवायचं थांबलं.
कुणी हसलंही नाही, तेवढं सभ्य होतं.
एकीने फक्त हळूच सांगितलं,
ण गं, बाणातला.
तेव्हापासून तहान लागली
की आधी जीभ टाळूला लावून बघते.

सेटिंग उघडलं. पाचाचे चार केले.
पुन्हा यादी बांधली, एंटर मारला.
पाणी पंप, रॅक सतरा, खालचा कप्पा.
कुणी काही दुरुस्त केलं नाही.
उत्तर आलं, एवढंच.

वायसर मात्र त्यालाही कळेना.
म्हणून शकूरभाई सांगत गेले, मी लिहीत गेले:
वायसर म्हणजे वॉशर,
मादी म्हणजे नट,
कुत्रं म्हणजे रॅचेटमधला अडणारा दात,
आणि धायगुडेचं म्हणजे ते वाकडं ब्रॅकेट.
धायगुडे कोण?
होता एक फिटर. गेला सोडून अकरा साली.
ब्रॅकेट अजून त्याचंच आहे.

दीडशे ओळी झाल्या.
इंजिन कुठलंही घ्या, ही फाइल
तिघांनाही लागणार होती,
आणि ती तिघांपैकी कुणाकडेच नव्हती.

माफीची किंमत असते, तीही मोजली.
तिसऱ्याला बोल्ट मागितला
की बोल्टापाठोपाठ बेल्टही येतो, न बोलावता.
एका मात्रेचा तर फरक.
मी घाबरत शकूरभाईंना दाखवलं.
येऊ दे की, ते म्हणाले,
मागणाऱ्याला दरवेळी माहीत असतं
काय तुटलंय ते?

शुक्रवारी तक्ता पडद्यावर लावला.
वेग, मेमरी, परवाना, देखभाल,
हिरवे-पिवळे चौकोन.
ऋजुताने विचारलं, तिसरंच का?
सगळे माझ्याकडे बघत होते,
समोर बिसलेरीची बाटली होती,
घसा कोरडा पडला होता.

मेमरी कमी लागते, मी म्हणाले.

तेही खरंच आहे.